पाट्या मोजून काय कळतं?

‘भाषिक भूदृश्य’ म्हटलं की लँड्री आणि बूरी यांचा १९९७ चा लेख हटकून येतोच. पाटी माहिती देते, शिवाय त्या भागात कुठल्या भाषेचं वजन आहे तेही दाखवते, असं ते म्हणतात. मांडणी पक्की आहे. घोळ होतो तो आपल्या वापरात: फोटो काढायचे, भाषा मोजायच्या, टक्केवारी लिहायची, झालं!

समजा, कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर मढला तुम्ही दुकानांच्या पाट्या मोजल्या आणि मराठी ठळक निघाली. ती दुकानदाराने निवडली की कायद्याने? २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. टक्केवारीत हे दिसत नाही. म्हणून पाटी कोणी लावली, कधी लावली, कोणाच्या हुकमाने, हे रकाने आधी आखा. या महामार्गाचा क्रमांकही २२२ चा ६१ झालाय. जुना आकडा कुठे टिकलाय, तेही टिपा.

याच तालुक्यातला नाणेघाट घ्या. तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्यांचे पुतळे होते, वर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात त्यांची नावं: सिमुक, नागनिका, सातकर्णी. पुतळे गेले, पायांच्या खुणा आणि नावं उरली. व्यापारी वाटेच्या तोंडाशी राजघराण्याची पाटीच की! मोजली तर शंभर टक्के प्राकृत. त्यावरून घाट चढणारे व्यापारी घरी काय बोलत ते कळत नाही. लेख कोरवून घेणाऱ्यांना त्यांच्यासमोर काय मिरवायचं होतं, ते मात्र कळतं.