व्हिटबीच्या पायऱ्या, पैठणचे स्मशान

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये (१८९७) वाचकाला भीतीच्या आधी नकाशा भेटतो. म्युनिकहून निघालेला जोनाथन हार्कर एकेक गाव, गाडीला झालेला उशीरसुद्धा नोंदवत बोर्गो खिंडीपर्यंत पोचतो. स्टोकर स्वतः मात्र ट्रान्सिल्व्हेनियात कधी गेला नव्हता. तो प्रदेश त्याने पुस्तके वाचून उभा केला.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे व्हिटबी त्याने पाहिलेले होते. १८९०च्या उन्हाळ्यात तो तिथे राहिला. चर्चकडे चढणाऱ्या १९९ पायऱ्या, थडग्यांवरची नावे, १८८५ मध्ये किनाऱ्यावर फुटलेले रशियन जहाज ‘दिमित्री’ हे सारे त्याने टिपून घेतले. कादंबरीत त्या जहाजाचे ‘डिमीटर’ झाले. ‘ड्रॅक्युला’ हे नावही त्याला तिथल्याच ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात मिळाले.

म्हणजे संकट जन्मते ते वाचलेल्या भूमीत आणि उतरते ते पाहिलेल्या बंदरात. काउंटही किल्ल्यात बसून इंग्रजी पुस्तके आणि रेल्वेचे वेळापत्रक वाचतो. लेखक परदेश वाचतो आहे आणि परदेश इंग्लंड वाचतो आहे. साम्राज्याने जगाचे नकाशे काढले. त्याच नकाशावरून कोणी उलट आपल्या दारी आले तर? कादंबरीची खरी भीती ही आहे.

आता आपल्याकडे येऊ. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या अकरा कथा इंग्रजीत आणल्या आणि शीर्षकात वेताळाला ‘व्हँपायर’ म्हटले. स्टोकर बर्टनला भेटलेला होता. त्याच्या सुळ्याचे वर्णन त्याने १९०६च्या आठवणींत केले आहे. एवढ्यावरून वेताळाला ड्रॅक्युलाचा पूर्वज ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा.

बर्टनचा राजा उज्जैनचा. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मात्र राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या पैठणचा. इथला वेताळ समुद्र ओलांडून येत नाही. तो स्मशानातल्या झाडावर लटकणाऱ्या प्रेतात शिरलेला आहे. राजाच्या मानेला तो दात लावत नाही, प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, अशी त्याची अट. रोज फळ घेऊन दरबारात येणारा भिक्षू राजाच्या जिवावर उठलेला असतो, आणि त्याचा डाव राजाला सांगतो तो वेताळच. तिकडे लसूण आणि क्रूस घेऊन पिशाचाला हाकलायचे. इकडे त्याला खांद्यावर घेऊन न्याय करायचा. कोकणात आरवलीला वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. राखणदाराला ‘व्हँपायर’ म्हणणे हे भाषांतर नव्हे.

कादंबरीतल्या हॉटेलचे नाव घेऊन बिस्ट्रित्झमध्ये पुढे खरे हॉटेल उभे राहिले. व्हिटबीच्या पायऱ्या वाचक आजही मोजत चढतात. पैठण आपण नाथांसाठी आणि पैठणीसाठी ओळखतो, ते योग्यच. पण सत्य ठाऊक असताना गप्प बसणे हा अपराध आहे, असे राजाला बजावणारी कथा याच गावच्या नावाने सुरू होते. ‘व्हँपायर’ या एका शब्दाच्या आड तो वेताळही झाकला जातो आणि त्याचा प्रश्नही.