पाण्याच्या डब्याने पेट्रोल वाचते काय?

मोटारीच्या बॉनेटखाली एक डबा बसवायचा. त्यात पाणी, थोडा कॉस्टिक पोटॅश किंवा खाण्याचा सोडा आणि स्टेनलेस स्टीलच्या काही पट्ट्या असतात. पट्ट्यांना बॅटरीच्या तारा जोडल्या की पाण्याचे विद्युत अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन तयार होतात. हे मिश्रण एका नळीने इंजिनात जाणाऱ्या हवेत सोडले की पेट्रोलचा खर्च वीस, तीस, क्वचित पन्नास टक्क्यांनीही कमी होतो, असे सांगितले जाते. हा डबा घरी कसा बनवावा याच्या पुस्तिका विकल्या जातात आणि तयार संचही मिळतात. 'एचएचओ', 'ब्राऊन गॅस', 'हायड्रॉक्सी' अशी त्याची अनेक नावे आहेत.

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत एखादा चुणचुणीत विद्यार्थी असा डबा घेऊन शिक्षकांपुढे उभा राहणे अगदी शक्य आहे. डबा खरोखरच वायू तयार करतो, बुडबुडे दिसतात, त्यांना काडी लावली की फटकन आवाज होतो. मग दावा खोटा कसा म्हणायचा? 'असे होत नाही' एवढेच सांगून विद्यार्थ्याला परत पाठवणे आम्हाला योग्य वाटत नाही. दाव्यात खरे किती व खोटे किती, हे दहावीच्या विज्ञानाच्या आधारे तपासता येते. ते आपण येथे तपासू.

कल्पना जुनीच

विजेने पाण्याचे घटक वेगळे करण्याचा प्रयोग निकल्सन व कार्लाइल यांनी इंग्लंडमध्ये १८०० साली केला. किती विजेने किती वायू सुटतो याचे नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३४ पर्यंत मांडले. मोटारीत पाण्याचे अपघटन करून तो वायू जाळण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत चार्ल्स गॅरेट यांना १९३५ साली पेटंट मिळाले. युल ब्राऊन यांचे नाव या वायूला चिकटले आहे. त्यांचे १९७७ चे अमेरिकन पेटंट मात्र वेल्डिंगविषयी आहे. पेटंट मिळाले म्हणजे दावा सिद्ध झाला असा समज आपल्याकडे पुष्कळांचा असतो. पेटंट हा कल्पनेवरील हक्काचा कागद आहे, तिच्या उपयुक्ततेचे प्रमाणपत्र नव्हे.

ओहायोतील स्टॅन्ली मेयर यांनी तर पाण्यावरच गाडी चालते असा दावा केला होता. पैसे गुंतवणाऱ्या दोघांनी त्यांना न्यायालयात खेचले. तज्ज्ञांनी त्यांचा घट तपासला तेव्हा त्यात नेहमीच्या विद्युत अपघटनापलीकडे काही आढळले नाही. १९९६ साली न्यायालयाने ही ढळढळीत फसवणूक ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. पुढे २००८ साली खनिज तेलाचे भाव कडाडले तेव्हा पेट्रोलबरोबर थोडा हायड्रोजन देणाऱ्या डब्यांची अमेरिकेत लाट आली. आपण विचार करणार आहोत तो या दुसऱ्या, वरवर पाहता अधिक माफक दाव्याचा.

जमाखर्च मांडून पाहू

एक बऱ्यापैकी चांगला संच घेऊ. त्यात सहा घट एकसरीत जोडलेले आहेत व त्यांतून २० अँपिअर प्रवाह जातो. गाडी चालू असताना विजेचा दाब साधारण १३.८ व्होल्ट असतो. म्हणजे संच २७६ वॅट वीज घेतो. एका तासात ही ऊर्जा सुमारे ९९४ किलोज्यूल होते.

आता फॅरेडेंचा नियम लावू. एक मोल, म्हणजे २ ग्रॅम, हायड्रोजन सुटण्यासाठी सुमारे १,९३,००० कूलोम विद्युतभार लागतो. २० अँपिअरने तासाभरात ७२,००० कूलोम वाहतात. म्हणून एका घटात ०.३७ मोल व सहा घटांत मिळून सुमारे २.२ मोल हायड्रोजन मिळतो. वजनात तो साडेचार ग्रॅम भरतो. तो जाळल्यावर सुमारे ५४० किलोज्यूल उष्णता मिळते. घातलेल्या विजेपैकी निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा वायूत आली, बाकीची पाणी तापवण्यात गेली.

पण ही वीज आली कोठून? बॅटरी अल्टरनेटर भरतो, अल्टरनेटर इंजिन फिरवते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर त्याला इंजिनाकडून १,८०० किलोज्यूल कार्य हवे. इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेपैकी सुमारे चतुर्थांशाचेच कार्यात रूपांतर करते. म्हणजे ७,२०० किलोज्यूल ऊर्जेचे पेट्रोल जाळावे लागेल. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल ऊर्जा असते. हिशेबाने हे पेट्रोल २२५ मिलिलिटर झाले.

मिळालेला हायड्रोजन किती पेट्रोलची जागा घेतो? ५४० किलोज्यूल म्हणजे १७ मिलिलिटर पेट्रोल. २२५ मिलिलिटर खर्चून १७ मिलिलिटरचा लाभ! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला हा प्रकार. अल्टरनेटर ६० टक्के व इंजिन ३० टक्के कार्यक्षम मानले तरी खर्च १७० मिलिलिटरच्या खाली येत नाही. फार काय, अल्टरनेटर व घट दोन्ही शंभर टक्के कार्यक्षम मानले तरी इंजिन हायड्रोजनमधील ऊर्जेचा चौथा हिस्साच परत करील. पाण्याचे घटक वेगळे करायला लागणारी ऊर्जा त्यांच्या संयोगातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी असू शकत नाही. शेवटी पुन्हा पाणीच तयार होते. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमातून यास पळवाट नाही.

'अल्टरनेटर तर फिरतच असतो'

यावर ठरलेले उत्तर येते : अल्टरनेटर एरवीही फिरतच असतो, तेव्हा त्याची जादा वीज फुकटच आहे. हा गैरसमज वर्गातच दूर करता येतो. सायकल स्टँडवर लावा व डायनॅमो चाकाला टेकवा. दिव्याची तार काढून ठेवा, पेडल हाताने फिरवून सोडून द्या आणि चाक किती वेळ फिरते ते मोजा. मग तार जोडून तेवढ्याच वेगाने पुन्हा फिरवा. दिवा लागतो आणि चाक लवकर थांबते. विजेचा प्रवाह काढून घेतला की तो फिरण्याला विरोध करतो. लेन्झचा नियम पुस्तकात वाचण्यापेक्षा येथे हाताला जाणवतो. मोटारीतही अगदी हेच घडते, मात्र इंजिनाच्या आवाजात ते चालकाला जाणवत नाही.

हायड्रोजन पेट्रोलला नीट जाळतो काय?

जाणकार विक्रेते वरील हिशेब मान्य करतात आणि दुसरा मुद्दा काढतात. हायड्रोजन इंधन म्हणून नव्हे, तर उत्प्रेरकासारखा उपयोगी पडतो. त्याची ज्योत वेगाने पसरते, त्यामुळे वाया जाणारे पेट्रोल पूर्ण जळते, असे त्यांचे म्हणणे. हा मुद्दा पहिल्यापेक्षा वजनदार आहे, कारण त्यात काही सत्य आहे. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलच्या वाफेच्या ज्योतीपेक्षा खरोखरच पुष्कळ वेगाने पसरते. नासाच्या लुईस संशोधन केंद्राने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात पेट्रोल इंजिनाला हायड्रोजन दिल्यावर ज्योतीचा वेग वाढल्याचे व इंजिन अधिक विरळ मिश्रणावर चालू शकल्याचे नोंदले आहे. या अहवालाचा दाखला संचाच्या जाहिरातींत दिला जातो. त्या प्रयोगांतला हायड्रोजन मात्र सिलिंडरमधून किंवा मिथेनॉलपासून मिळवलेला होता. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या डब्यातला तो नव्हता.

आपल्या डब्याचे प्रमाण पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तासाला ४ लिटर, म्हणजे सुमारे ३ किलो पेट्रोल जाळते. त्यासाठी ४४ किलो, म्हणजे ३७,००० लिटर हवा लागते. डब्यातून तासाला हायड्रोजन येतो ५५ लिटर. दर हजार लिटर हवेत दीड लिटर! हवेत हायड्रोजन निदान शेकडा ४ असल्याशिवाय तो स्वतःची ज्योत पुढे नेऊ शकत नाही. येथे तर त्याचे प्रमाण शेकडा ०.१५ आहे.

आणि वाया जाणारे पेट्रोल तरी किती असते? चांगल्या स्थितीतल्या इंजिनात पेट्रोलचे शंभरातले ९५ ते ९८ भाग सिलिंडरमध्येच जळतात. पेट्रोलमधील ऊर्जेचा मोठा हिस्सा वाया जातो हे खरे, पण तो न जळलेल्या पेट्रोलच्या रूपात नव्हे. तो रेडिएटरमधून व सायलेन्सरमधून उष्णतेच्या रूपात जातो. ती उष्णता हायड्रोजनच्या ज्योतीने परत मिळत नाही. वाचवण्याजोगे असे फार तर दोन ते पाच टक्के उरतात. वरच्या हिशेबात डब्याचा निव्वळ तोटा तासाला सुमारे २०८ मिलिलिटर आला, म्हणजे ४ लिटरच्या पाच टक्के. ज्वलन अगदी शंभर टक्के झाले असे मानले तरी त्या लाभाने जेमतेम डब्याचा खर्च भागेल. वीस-तीस टक्के बचत येणार कोठून?

मग लोकांना फरक का जाणवतो?

संच बसवणारे सगळेच खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. अनेकांना फरक प्रामाणिकपणे जाणवतो. त्याची कारणे मोजमापात शोधावी लागतात. दहा लिटर पेट्रोलवर गाडी किती गेली हे पाहताना टाकी भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक पडला की पाच टक्क्यांची चूक होते. संच बसवताना स्पार्क प्लग बदलतात, एअर फिल्टर साफ करतात, टायरमध्ये हवा भरतात. श्रेय मात्र डब्याला मिळते. पैसे खर्च केलेला मनुष्य गाडीही जपून चालवतो, आणि केवळ त्यानेच पेट्रोल वाचते.

आणखी एक कारण आहे. आधुनिक गाडीत धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो व त्यावरून संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. म्हणून काही संचांबरोबर या सेन्सरचा संदेश बदलणारे छोटे उपकरण दिले जाते. संगणकाची अशी दिशाभूल झाली की मिश्रण विरळ होते व पेट्रोल थोडे कमी जाऊ शकते. ही करामत उपकरणाची, हायड्रोजनची नव्हे. शिवाय तिची किंमत मोजावी लागते. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक घटक हवा व पेट्रोलच्या नेमक्या प्रमाणातच नीट काम करतो. ते प्रमाण बिघडले की नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गेल्या काही दशकांत पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरांहून अधिक साधने तपासली. त्यांतल्या एकानेही लक्षणीय बचत दाखवली नाही.

डब्याचे धोके

शिक्षकांनी सर्वांत आधी लक्षात घ्यावा असा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. हायड्रोजन दोन भाग व ऑक्सिजन एक भाग हे मिश्रण पेटायला क्षुल्लक ठिणगीही पुरते. बंद बाटलीत ते साठले आणि पेटले तर बाटलीचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. कॉस्टिक पोटॅशचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. पाण्यात मीठ टाकले तर धनाग्रावर क्लोरीन सुटतो. स्टेनलेस स्टीलचे धनाग्र जास्त विद्युतप्रवाहावर झिजून द्रवात विषारी क्रोमियम संयुगे येतात. द्रव पिवळा झाला असेल तर तो मोरीत ओतू नये व हातही लावू नये.

विद्युत अपघटन शिकवायचेच आहे, तेव्हा दोन्ही वायू दोन वेगळ्या परीक्षानळ्यांत जमा करावेत. नळीभर वायू पुरतो. मिश्र वायू कशातही साठवू देऊ नये, आणि डबा गाडीला किंवा मोटारसायकलला जोडण्याचा प्रकल्प स्वीकारू नये.

प्रकल्पाचे काय करावे?

डबा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचे कुतूहल वाया घालवू नये. त्याला वरचा जमाखर्च स्वतः मांडायला सांगावा. अँपिअर व घटांची संख्या बदलून आकडे कसे बदलतात ते त्याने पाहावे. सायकलच्या डायनॅमोचा प्रयोग त्याने वर्गापुढे करावा. दावा तपासण्याची चाचणी कशी आखावी याचा आराखडाही त्याच्याकडून करून घ्यावा : रस्ता तोच, वेग तोच, पेट्रोल मोजपात्राने मोजलेले, फेऱ्या अनेक, डबा कधी चालू तर कधी बंद, आणि तो कोणत्या फेरीत चालू होता हे चालकाला माहीत नसलेले. या शेवटच्या अटीचे कारण विद्यार्थ्याला उमगले तर त्याच्या हाती पडलेली गोष्ट कोणत्याही डब्यापेक्षा मोलाची आहे.

प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही आमची एक विनंती आहे. 'पाण्यावर चालणारी गाडी' अशा पाटीला बक्षीस देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : यातली ऊर्जा कोठून आली आणि ती कशी मोजली? ज्या विद्यार्थ्याने डबा चालत नाही हे आकड्यांनिशी दाखवले असेल, पहिले बक्षीस त्याला द्यावे.