सामूहिक गोळीबार आणि लोकप्रतिक्रिया : एक चिकित्सा

प्रस्तावना
सामूहिक गोळीबार घडला की प्रतिक्रिया तत्काळ उमटतात. विचार मागाहून येतो. आपल्याकडील चर्चेचे आणखी एक वैगुण्य म्हणजे ती अमेरिकेतील वादाची उसनी परिभाषा वापरते. तेथे शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ती परवान्याने मिळणारी सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. म्हणून ‘नियंत्रण हवे की नको’ हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. हे नियंत्रण कोणत्या शस्त्रापर्यंत पोहोचत नाही, हा खरा प्रश्न होय.

दोन घटना
२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. ती शस्त्रे समुद्रमार्गे आली होती. परवाना पद्धतीचा त्यांच्याशी संबंध नव्हता. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघरनजीक रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी व तीन प्रवासी मारले गेले. आरोपी त्याच दलाचा जवान होता आणि शस्त्र सरकारी होते. शासकीय सेवकाच्या कर्तव्यकालीन शस्त्राला अधिनियमाच्या कलम ४५ ने सूट दिलेली आहे.

प्रतिक्रियांची चिकित्सा
अशा घटनांनंतर ‘नागरिकांना शस्त्रे द्या’ अशी मागणी होते. खचाखच भरलेल्या डब्यात चार बंदुका अधिक असत्या, तर बळी घटले असते असे मानण्यास आधार नाही. दुसरी प्रतिक्रिया ‘तो मनोरुग्ण होता’ ही. मृत तिन्ही प्रवासी मुस्लिम होते आणि आरोपीवर धार्मिक तेढ वाढविल्याचे कलमही लावले गेले, हे वास्तव या स्पष्टीकरणात झाकले जाते. शिवाय आजार आणि द्वेष हे परस्परांना पर्याय नव्हेत. दोन्ही शक्यतांतून प्रश्न एकच उरतो : अशा हाती भरलेली बंदूक देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर तपासणी कोणाची जबाबदारी?

१९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडात ३५ जण मारले गेल्यावर ऑस्ट्रेलियाने लक्षावधी बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. तेथे बंदुका घराघरांत होत्या, म्हणून तो उपाय सुसंगत होता. त्याचे येथे अंधानुकरण करून भागणार नाही.

सोलापूरचा अनुभव
प्रक्षोभात दिलेल्या उत्तराची किंमत सोलापूरकर जाणतात. मे १९३० मध्ये येथे पोलिसांचा गोळीबार झाला, पोलिसही मारले गेले, आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा व कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली. त्या सत्तेने गोळीबाराची मीमांसा केली नाही. गुन्हेगार तेवढे हुडकले.

निष्कर्ष
तस्करीच्या शस्त्रासाठी सागरी सुरक्षा, खासगी शस्त्रासाठी परवान्याची काटेकोर छाननी आणि सरकारी शस्त्रासाठी जवानांची नियमित मानसिक व वर्तनविषयक तपासणी, असे तीन भिन्न उपाय आवश्यक आहेत. त्यांपैकी तिसऱ्याची चर्चा सर्वांत कमी होते, कारण तेथे प्रश्न शासनालाच विचारावा लागतो. विवेकी लोकप्रतिक्रियेची खरी कसोटी तीच आहे.