ऐकण्याजोगी नोटीस

सोसायटीच्या नोटिशीचं कोणी रसग्रहण करत नाही. ती लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागते, तिथंच पिवळी पडते. तरी मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर आली, ती मी एनव्हीडीएवर ऐकली आणि पुन्हा ऐकली. हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर. स्वतः अंध असलेल्या मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये तो सुरू केला.

पडद्यावर ही नोटीस चारचौघींसारखीच. कारागिरी आहे ती टॅग्जमध्ये, म्हणजे कागदावर न दिसणाऱ्या थरात. सेक्रेटरींनी वर्डमध्ये ‘सभेपुढील विषय’ नुसतं ठळक आणि मोठं केलेलं नाही. त्याला हेडिंगची स्टाइल दिली आहे. त्यामुळे एच दाबत गेलं की विषय, हिशेब, थकबाकी, सूचना असे टप्पे एकामागून एक लागतात. विषयांचे आकडे हातानं टाइप न करता वर्डच्या क्रमांकयादीतून आलेत, म्हणून यादी सुरू होतानाच ती किती कलमांची आहे ते कळतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापलाय, पण तो हेडरमध्ये असल्यानं वाचताना गप्प राहतो. मला सर्वांत आवडली ती ही शांतता. लेटरहेड टेक्स्ट बॉक्समध्ये कोंबणाऱ्यांच्या नोटिशीत पत्ता कुठल्याही वाक्याच्या मधे येऊन आदळतो.

मराठीचा खरा कस मात्र अक्षरात लागतो. ‘निधी’ घ्या. युनिकोडमध्ये आधी न, मग ऱ्हस्व इकार. डोळ्याला दिसताना वेलांटी आधी. पीडीएफ मुळात चित्रं मांडणारा प्रकार, त्यानं नुसत्या आकृत्यांचा क्रम धरला तर वेलांटी न च्या आधी येऊन पडते आणि यांत्रिक आवाज अडखळतो. आकृतीमागे मूळ मजकूर जपायची सोय पीडीएफमध्ये आहे. इथं ती कामी आलेली दिसते, कारण ‘निधी’ आणि ‘शिल्लक’ दोन्ही स्वच्छ ऐकू आले. तीच नोटीस जुन्या शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फाँटात टाइप केली असती, तर डोळ्याला मराठी आणि कानाला इंग्रजी अक्षरांचा खिचडा मिळाला असता. त्या फाँटांत मराठी वळणं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात.

मग मेंटेनन्सचा तक्ता. पहिली ओळ ‘रिपीट हेडर रोज’ केलेली. चौकटीतून उजवीकडे सरकलं की आधी ‘सिंकिंग फंड’ ऐकू येतं, मग रक्कम. आदर्श उपविधींप्रमाणे हा निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, दुरुस्ती निधी 0.75 टक्के, दोन्ही आकडे शेजारी असताना स्तंभाचं नाव हरवलं तर सभेत कोणता प्रश्न विचारायचा तेच कळणार नाही. एकत्र केलेली एकही चौकट नाही, हा सेक्रेटरींचा संयम. सहीच्या चित्रालाही पर्यायी मजकूर आहे: ‘सचिवांची सही’. कोणी दुसऱ्यानं तिथं निळ्या शाईचं वर्णन घातलं असतं!

शेवटी फाइल प्रिंटच्या वाटेनं न पाठवता ‘सेव्ह ॲज पीडीएफ’नं केलीय, रचनेच्या टॅग्जचा पर्याय चालू ठेवून. प्रिंटच्या वाटेनं यातलं बहुतेक सगळं गळून पडलं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम मजकुराची गोष्ट आहे खरी, पण सोसायटीच्या बोर्डापर्यंत येऊन ती कोण तपासणार? म्हणून हे कौतुक.

एक जागा मात्र फसली. नोटिशीला जोडलेला ताळेबंद स्कॅन केलेला आहे. शिक्का, सही, सगळं एकच चित्र. एनव्हीडीए तिथं पोहोचतो आणि त्याला वाचायला काहीच सापडत नाही. ऑडिटरकडून मूळ फाइल मागून घेतली, तर मेंटेनन्सच्या तक्त्यासारखाच हाही तक्ता बसेल, आणि सही केलेली प्रत वेगळी जोडता येईल. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस 14 दिवस आधी द्यावी लागते. एवढ्या अवधीत एक ईमेल नक्कीच होतो.