बहुपदी आव्यूहांचे विघटन आणि बहु-अँटेना वाहिनी

गणिती रीतीचे मूल्य तिच्या डौलावरून ठरवावे, की तिने व्यवहारातील अडचण कितपत निवारली यावरून, हा प्रश्न बहुपदी आव्यूहांच्या विघटनाने बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रात पुन्हा उपस्थित केला आहे. या विषयाचे धागे पुणे परिसराशी जुळलेले आहेत. पुण्यात 1935 साली जन्मलेले व तेथीलच अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1956 साली पदवीधर झालेले थॉमस कैलाथ यांनी रेषीय प्रणालींवरील 1980 च्या ग्रंथात बहुपदी आव्यूहांना मानाचे स्थान दिले. पुढे लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आरोग्यस्वामी पॉलराज यांच्यासह अनेक अँटेनांच्या प्रेषणाचे एकस्व त्यांना 1994 साली मिळाले. ही दोन सूत्रे एकाच विद्वानाच्या कार्यात आढळतात. त्यांची प्रत्यक्ष सांगड मात्र नंतरच्या संशोधकांनी घातली.

मूळ अडचण अशी. वाहिनी अरुंद पट्ट्याची असेल तर प्रेषक व ग्राहक अँटेनांमधील संबंध स्थिर संख्यांच्या आव्यूहाने व्यक्त होतो आणि सिंग्युलर मूल्य विघटनाने तिच्या परस्परांपासून अलग अशा उपवाहिन्या होतात. पट्टा रुंद झाला की निरनिराळ्या मार्गांनी येणाऱ्या लहरींचे विलंब दृष्टीआड करता येत नाहीत. मग आव्यूहातील प्रत्येक पद विलंबाची बहुपदी बनते. एका क्षणाचा आव्यूह कर्णरूप केला, तरी इतर विलंबांचे गुणांक कर्णाबाहेर राहतातच.

स्मिथचे रूप हा यावरील जुना उपाय होय. परंतु त्यातील परिवर्तने ऊर्जा राखीत नाहीत. त्यामुळे ग्राहकाकडील रव वाढण्याचा धोका असतो. मॅक्‌व्हर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली मांडलेल्या रीतीचे खरे श्रेय येथे आहे. कर्णाबाहेरील सर्वांत मोठा गुणांक शोधावयाचा, विलंब देऊन तो शून्य विलंबाच्या स्थानी आणावयाचा, व परिभ्रमणाने तो नाहीसा करावयाचा, अशी ही पुनरावृत्त क्रिया आहे. ती पॅरायुनिटरी, म्हणजे प्रत्येक कंप्रतेवर ऊर्जा राखणारी, असल्याने रव वाढत नाही.

तथापि या गुणाची किंमत मोजावी लागते. प्रत्येक विलंबागणिक बहुपदीचा घात वाढतो; तो आवरण्यासाठी टोकाचे लहान गुणांक छाटावे लागतात, आणि छाटणीने पॅरायुनिटरी गुणधर्मच अंशतः भंगतो. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. आयगेन मूल्ये एखाद्या कंप्रतेवर परस्परांस छेदत असता त्यांना सर्वत्र उतरत्या क्रमाने मांडण्याचा हट्ट धरल्यास त्यांच्या वक्रांना कोन पडतात, आणि असे वक्र कमी घाताच्या बहुपदींना पेलत नाहीत. वाइस, पेस्ताना व प्राउडलर यांच्या 2018 च्या विवेचनाने हे स्पष्ट झाले, की वैश्लेषिक आयगेन मूल्ये काही अपवाद वगळता अस्तित्वात असतात, पण ती सामान्यतः सांत बहुपदी नसतात. अर्थात, हाती येते ते विघटन नव्हे, तर त्याचे सन्निकटन.

येथे व्यवहाराची तुलना अपरिहार्य ठरते. चौथ्या पिढीच्या दूरध्वनीने पट्ट्याचे अनेक अरुंद भाग करून प्रत्येक भागात स्थिर आव्यूह हाताळण्याचा मार्ग पत्करला. त्यात शेजारच्या कंप्रतांमधील संगती दुर्लक्षिली जाते आणि रक्षक अवधीत काही काळ खर्ची पडतो. बहुपदी रीत हे दोन्ही वाचवू पाहते. परंतु तिच्या उपवाहिन्यांत चिन्हांची परस्पर सरमिसळ उरतेच व तिचे निराकरण पुढे करावे लागते. शिवाय वाहिनीचे ज्ञान प्रेषकापर्यंत वेळेवर पोहोचावे लागते.

विघटन वाहिनीत नसलेले सामर्थ्य निर्माण करीत नाही, हेही विसरता कामा नये. बारामतीनजीकच्या कन्हेरीसारख्या गावी, मोकळ्या शिवारावरून दूरच्या मनोऱ्याकडून एकच थेट लहर येत असेल, तर उपयुक्त उपवाहिनी प्रायः एकच मिळेल. घात कितीही वाढविला तरी दुसरी उत्पन्न होणार नाही. पुण्याच्या दाट वस्तीत परावर्तने विपुल असतात. तेथे या रीतीला वाव आहे. म्हणून तिचे मूल्यमापन उरलेल्या कर्णबाह्य ऊर्जेवर न थांबता घात, गणनेचा काळ व प्रत्यक्ष वाहिनी यांच्या कसोटीवर व्हावे. या कसोटीवर ती आज सर्वसाधारण साधन ठरत नाही. परंतु रुंद पट्ट्याच्या वाहिनीचे स्वरूप अखंडपणे समजून घेण्याची दृष्टी तिने दिली, हे श्रेय तिच्याकडून हिरावून घेता येणार नाही.