मध्ये बोलू नये, पण सांगावे

कामशेतहून पवनेच्या खोऱ्याकडे जाताना बेडसे गाव लागते. गावाजवळच्या डोंगरात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली बौद्ध लेणी आहेत. त्यांतला विहार वेगळा आहे. बहुतेक विहार चौकोनी, सपाट छताचे असतात. हा मागच्या बाजूला अर्धगोल असून त्याचे छत कमानदार आहे. कडेने भिक्षूंच्या लहान खोल्या आहेत. पावसाळ्याचे महिने एका जागी राहून अध्ययन करण्याची भिक्षूंची प्रथा होती. मावळचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिचे कारण सांगायला नको.

शाळेतल्या मुलांना घेऊन आम्ही तेथे मोजमापे घ्यायला गेलो होतो. विहाराची लांबी तीन गटांनी मोजली. तिन्ही उत्तरे जवळजवळ सारखी, दहा मीटरच्या आसपास आली. आम्ही खूश होऊन सरासरी काढली आणि अचूकतेवर छोटेसे व्याख्यानही दिले. परतताना नववीतली एक मुलगी म्हणाली, "टेपचे पहिले दहा सेंटिमीटर तुटलेले होते." तेव्हाच का नाही सांगितलेस, असे विचारल्यावर तिचे उत्तर होते, "तुम्ही बोलत होतात."

टेप एकच होती, त्यामुळे तिन्ही उत्तरे दहा सेंटिमीटरने जास्त आली. कधी कमी तर कधी जास्त अशा चुका सरासरीने घटतात. सगळ्यांची एकाच दिशेने होणारी चूक घटत नाही. ती सापडायला दुसरी टेप हवी, नाहीतर बोलणारा माणूस हवा. आमच्याकडे तो होता आणि आमच्याच शिस्तीने तो गप्प बसला होता.

एकत्र राहून शिकणाऱ्यांनी कसे वागावे, याचा विचार विनयपिटकात बारकाईने केलेला आहे. त्यातल्या महावग्गात शिष्याची कर्तव्ये दिली आहेत. गुरू बोलत असताना मध्येच बोलू नये, असा एक नियम आहे. पण त्याला लागूनच दुसरा आहे: गुरूच्या बोलण्यात दोष घडू लागला, तर शिष्याने त्याला आवरावे. गुरूच्या मनात चुकीचे मत रुजले, तर ते चर्चेने दूर करण्याची जबाबदारीही शिष्यावर आहे. दोष दाखवणाऱ्यासाठी पाच कसोट्या आहेत: योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, सौम्य शब्दांत बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. वर्षावास संपताना 'पवारणा' होई. ज्येष्ठांपासून सुरुवात करून प्रत्येक भिक्षू संघाला विनवी, की माझा दोष दिसला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगा.

आपल्या वर्गांनी यातला पहिलाच नियम उचलला, ही आमची तक्रार आहे. शांत वर्ग म्हणजे आदर करणारा वर्ग, असे आपण धरून चालतो.

मात्र विनयातही मोठी उणीव आहे. भिक्षुणींसाठीच्या आठ 'गुरुधर्मां'नुसार शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्षुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करायचे. भिक्षूने भिक्षुणीला उपदेश करावा, पण तिने त्याला करू नये. हे नियम मागाहून घातले गेले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. पण परंपरेत ते राहिले आणि ज्ञानसमूहाच्या एका भागाचे डोळे निकामी झाले. बेडशाच्या पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका या महारठिनीच्या दानाचा लेख आहे. ती गृहस्थ होती, भिक्षुणी नव्हे. पण स्त्रियांचे दान संघ घेत होता आणि भिक्षुणींनी चूक दाखवणे मात्र नियमाने रोखत होता.

म्हणून सौजन्याचे नियम तपासताना एकच प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते: समूहातला सर्वांत लहान माणूस मोठ्याची चूक वेळेवर सांगू शकतो का? पाच कसोट्या मुलांना जरूर शिकवाव्यात, पण त्या सगळ्या बोलणाऱ्यासाठी आहेत. ऐकणाऱ्यासाठी पवारणा आहे. तिची सुरुवात शिक्षकांनी स्वतःपासून करावी, आणि वर्षातून एकदा नव्हे, तर प्रत्येक प्रयोगानंतर. "माझे कुठे चुकले?" असे विचारून थोडा वेळ थांबावे. सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटणाऱ्यांना चिठ्ठी लिहू द्यावी. सांगितलेली चूक खरी निघाली, तर ती सांगणाऱ्याच्या नावासह प्रयोगवहीत नोंदवावी.

आमच्या वहीत विहाराच्या लांबीतून दहा सेंटिमीटर वजा केलेले आहेत आणि शेजारी त्या मुलीचे नाव आहे.