वाफेचें युग आणि दोन कादंबऱ्या

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीवर प्रश्न घातला कीं विद्यार्थी बहुधा शोधांची यादी लिहून देतात : आगगाडी, तारायंत्र, शिवणयंत्र, टेलिफोन. यादी खोटी नसते. पण १८३७ ते १९०१ या काळांत सामान्य माणसाचा दिवस कसा पालटला, हें तिच्यावरून कळत नाहीं. तें कळावयाचें तर कादंबरीकारांकडेच गेलें पाहिजे, असें आमचें मत आहे. आणि त्यांतहि डिकन्सची ‘डॉम्बी अँड सन’ व हार्डीची ‘टेस’ या दोन कृति आम्हांस विशेष बोलक्या वाटतात.

डिकन्सची कादंबरी १८४६ पासून १८४८ पर्यंत मासिक भागांनीं प्रसिद्ध झाली. तेव्हां इंग्लंडांत लोहमार्गांचें वेड शिगेस पोंचलें होतें. लंडनच्या कॅम्डन टाउन भागांत चाललेली खणाखणी तिच्या आरंभींच येते. स्टॅग्ज गार्डन्स ही गरिबांची वस्ती त्या धुळींत कशीबशी तग धरून असते. कांहीं वर्षांनीं शोधूं जातां तिचा मागमूसहि उरलेला नसतो. दुकानें, खाणावळी, सारें रेल्वेमय झालेलें असतें. घड्याळेंसुद्धां रेल्वेच्या वेळेनें चालतात. हा शेवटचा तपशील लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. पूर्वीं प्रत्येक गांवाची वेळ त्याच्या सूर्याची असे. ब्रिस्टल लंडनच्या सुमारें दहा मिनिटें मागें असे. वेळापत्रकास हें परवडेना. रेल्वे कंपन्यांनीं लंडनची वेळ स्वीकारली, आणि १८८० सालीं कायद्यानेंहि तीच ब्रिटनभर लागू झाली. शोधांच्या यादींत ही गोष्ट येत नाहीं. माणसाच्या दिवसाची मालकी मात्र तिनें बदलली.

डिकन्सची सूक्ष्म दृष्टि पुढें दिसते. पुत्रशोकानंतर धनाढ्य डॉम्बी आगगाडीनें प्रवासास निघतो. स्टेशनावर एंजिनाचा आगवाला टूडल, त्या मृत मुलास दूध पाजणाऱ्या दाईचा नवरा, टोपीला दुखवट्याची काळी फीत लावून समोर येतो. अशा माणसानें आपल्या दुःखांत वाटेकरी व्हावें, याचाच डॉम्बीस संताप येतो. मग ती गाडी त्याला साक्षात् मृत्यु भासते. खिडकींतून पडकीं घरें व दारिद्र्य दिसूं लागतें. ही दुर्दशा गाडीनें निर्माण केली नाहीं, तिनें ती केवळ उजेडांत आणली, हें मात्र त्याच्या मनांत येत नाहीं, असें डिकन्स बजावतो. यंत्रांस सरसकट शिव्या देणाऱ्यांनीं हें स्थळ अवश्य वाचावें. पुढें कार्कर या खलपुरुषास गाडीखालीं चिरडून कथानकाचा गुंता सोडविला आहे, तो मात्र आम्हांस पटत नाहीं. तेथें यंत्र हें यंत्र न राहतां लेखकाच्या सोयीचा यमदूत होतें.

१८९१ सालच्या ‘टेस’मध्यें असा सोपेपणा नाहीं. एका पावसाळी रात्रीं टेस व एंजल गोठ्यावरचें दूध स्टेशनावर पोंचवितात. एंजिनाचा उजेड क्षणभर तिच्यावर पडतो. ज्यांनीं कधीं गाय पाहिली नसेल, असे लंडनचे लोक उद्यां सकाळीं हें दूध पितील, या विचाराचें तिला नवल वाटतें. पुढें तीच टेस फ्लिंटकोम-ॲशच्या शेतावर वाफेच्या मळणीयंत्रावर उभी आहे. पेंढ्या सोडून देणें हें तिचें काम. गंजीवरच्या बायकांना घोटभर पिण्यास, दोन शब्द बोलण्यास सवड मिळते. टेसला ती नाहीं, कारण यंत्र थांबत नाहीं.

हार्डी जुन्या ग्रामजीवनाविषयीं हळवा आहे, असा आक्षेप कोणी घेतील. परंतु त्याच शेतावर गोठलेल्या जमिनींतून हातांनीं कंद उकरण्याचें कामहि त्यानें तितकेंच निर्दय रंगविलें आहे. हातकाम म्हणून तो तें पवित्र मानीत नाहीं. मग दुधाची रात्र आणि मळणीचा दिवस यांत भेद कशाचा? वाफ तीच, मुलगीहि तीच. हार्डीनें त्याचें कारण जातां जातां सांगून ठेविलें आहे : एंजिन भाड्याचें; उद्यां तें दुसरीकडे जाऊं शकतें; म्हणून गंजी आजच संपली पाहिजे. पोलादांत क्रौर्य नाहीं. तें या हिशेबांत आहे. दुधाच्या रात्रीं टेस यंत्राच्या हवालीं कांहीं करून परत फिरते. मळणीच्या दिवशीं यंत्र तिच्याकडून घेतच राहतें. हें दोन्हीं एकाच जिवाच्या अनुभवांत दाखविलें, म्हणून या बाबतींत आम्ही हार्डीस डिकन्सच्या वरचें स्थान देतों.

त्याच कारकीर्दींत, १८५३ सालीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. तें सालहि आमचे विद्यार्थी न चुकतां लिहितात. यापुढें मात्र प्रश्न निराळा घालावा, असें आम्हांस वाटतें : यंत्र कोणी व केव्हां शोधिलें, हें राहूं द्या, दमलेल्या माणसाला तें थांबवितां येत होतें काय, तें लिहा. हा प्रश्न १९०१ सालीं निकालांत निघालेला नाहीं.